पहिली घटक चाचणी काढताना : सहावीच्या अपूर्णांकांवर २० गुणांची प्रश्नपत्रिका

डी.एड. किंवा बी.एड. करताना प्रत्येकाने घटक चाचणीची फाईल केलेली असते. तिच्यात संविधान तक्ता (कोणत्या उपघटकावर किती गुणांचे कोणते प्रश्न याचा आराखडा) असतो, उद्दिष्टांचा भारांश (कोणत्या उद्दिष्टाला किती गुण) असतो, आणि पुष्कळदा आधी प्रश्न काढून मग तक्ता त्यांच्याशी जुळवून घेतलेला असतो. फाईलपुरते ते चालून जाते. शाळेत पहिली खरी चाचणी काढताना मात्र हा उलटा क्रम अंगाशी येतो. प्रश्न सुचले तसे काढले की सोपे तेच जास्त येतात, आणि मुलांना काय येत नाही हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे : इयत्ता सहावी, गणित, अपूर्णांकांवरील क्रिया, २० गुण, ४० मिनिटांची एक तासिका, पटावर ४० मुले. विषय दुसरा असला तरी पायऱ्या याच.

आधी हेतू ठरवा

चाचण्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक मुलांची क्रमवारी लावण्यासाठी, जशी शिष्यवृत्ती परीक्षा. तिथे जागा मोजक्या, म्हणून मुलांमुलांतला फरक ठळक करणारे प्रश्न लागतात. दुसरी, ठरलेली गोष्ट मुलाला येते की नाही एवढेच पाहणारी. वर्गातली घटक चाचणी ही दुसऱ्या प्रकारची. तिच्यात सगळ्या वर्गाने एखादा प्रश्न बरोबर सोडवला तर तो प्रश्न वाया गेला असे नाही, शिकवणे पोचले असा त्याचा अर्थ. नवे शिक्षक हे दोन हेतू एकत्र करतात आणि 'हुशार मुलेही अडकली पाहिजेत' म्हणून शिकवलेल्याच्या बाहेरचा एक अवघड प्रश्न घालतात. तो प्रश्न बहुधा शिकवणीला कोण जाते एवढेच मोजतो.

कागदोपत्री ही चाचणी कुठे बसते तेही पाहून ठेवा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची (शिकता शिकता होणाऱ्या) आठ साधनतंत्रे आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. चाचणी हे त्यांतले एक. त्या योजनेत पाचवी-सहावीला आकारिक ५० आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) ५० असा भारांश ठरला होता. पहिली-दुसरीला तो ७०-३०, तर सातवी-आठवीला ४०-६०. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम आता वेगळे आहेत, त्यामुळे त्या वर्गांसाठी चालू वर्षाचे परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून वाचा.

संविधान तक्ता, प्रश्नांच्या आधी

उपघटकांना गुण वाटताना शिकवायला दिलेला वेळ धरा. आपल्या घटकाला १६ तासिका लागल्या असे समजू. सममूल्य अपूर्णांक व लहानमोठेपणा ४, बेरीज-वजाबाकी ६, गुणाकार ३, गुणाकार व्यस्त व भागाकार ३. वीस गुणांच्या हिशोबात हे ५, ७.५, ३.७५, ३.७५ येते. ते ५, ७, ४, ४ करा.

मग प्रश्नप्रकार : १ गुणाचे सहा, २ गुणांचे चार, ३ गुणांचे दोन. एकूण १२ प्रश्न.

सममूल्य व लहानमोठेपणा (५ गुण) : एक प्रश्न १ गुणाचा, दोन २ गुणांचे.
बेरीज-वजाबाकी (७ गुण) : दोन १ गुणाचे, एक २ गुणांचा, एक ३ गुणांचा.
गुणाकार (४ गुण) : दोन १ गुणाचे, एक २ गुणांचा.
गुणाकार व्यस्त व भागाकार (४ गुण) : एक १ गुणाचा, एक ३ गुणांचा.

उद्दिष्टांचे खाने म्हणजे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. त्यात टक्केवारी जुळवत बसण्यापेक्षा एक साधी कसोटी लावा : हा प्रश्न वहीत जसाच्या तसा आहे का? असेल तर तो ज्ञानाचा, मग त्यात 'स्पष्ट करा' लिहिलेले असले तरी. वीसपैकी असे ४-५ गुण पुरे.

विकल्प ठेवू नका. 'कोणतेही दोन सोडवा' म्हटले की निम्म्या वर्गाने भागाकार टाळला हे कळायची वाटच बंद होते, आणि दोन मुलांचे १४-१४ गुण वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे असतात.

प्रश्न : चुकीचे पर्याय हेच खरे काम

बहुपर्यायी प्रश्न सोपा वाटतो, कारण बरोबर उत्तर लिहून शेजारी तीन आकडे ठोकून दिले की झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्या तीन आकड्यांतच प्रश्नाची किंमत असते. २/३ + १/४ घ्या. उत्तर ११/१२. चुकीचे पर्याय मुलांच्या वहीतून घ्यायचे :

३/७ : अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला.
३/१२ : छेद समान केला, अंश तसेच ठेवून मिळवले.
२/१२ : बेरजेऐवजी गुणाकार केला.

आता चुकलेल्या प्रत्येक मुलाने कुठे पाय घसरला ते स्वतःच सांगितले. याऐवजी ९/१०, १३/१२, ७/१२ असे पर्याय दिले असते, तर ३/७ काढणाऱ्या मुलाला आपले उत्तर पर्यायांत नाही म्हणून दुसऱ्यावर ठोकताळा मारावा लागला असता आणि तुमच्या हाती काहीच आले नसते. चार पर्यायांच्या सहा प्रश्नांत निव्वळ अंदाजाने सरासरी दीड गुण पडतो, हेही ध्यानात असू द्या. म्हणून संपूर्ण चाचणी बहुपर्यायी ठेवायची नाही. 'वरीलपैकी सर्व' किंवा 'यांपैकी नाही' हे पर्याय या वयात टाळलेलेच बरे. बरोबर पर्यायाचा क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरवा. हाताने ठरवला की तो सारखा दुसरा-तिसरा येतो आणि मुलांना ते चटकन कळते.

लहानमोठेपणाचे प्रश्न अधिक कसून काढावे लागतात. '३/५ आणि ३/७ यांपैकी मोठा कोणता?' या प्रश्नात, सात मोठा म्हणून ३/७ मोठा असे मानणारे मूल सापडते. पण 'छेद लहान तो अपूर्णांक मोठा' एवढेच पाठ केलेले मूल यातून बरोबर उत्तर देऊन सुटते. त्याच्यासाठी दुसरी जोडी लागते : ३/४ आणि ५/६. पाठ केलेल्या नियमाने ३/४ मोठा येतो, खरे तर ५/६ मोठा (९/१२ आणि १०/१२). आणखी काही मुले दोन्हींत 'एकच भाग कमी आहे' म्हणून दोन्ही समान सांगतात. गंमत अशी की मोठे आकडे म्हणजे मोठा अपूर्णांक असे मानणारे मूल या दुसऱ्या जोडीत बरोबर येते. उत्तर बरोबर आणि विचार चूक. त्यामुळे दोन्ही जोड्या विचारायच्या, दोन्ही २ गुणांच्या : १ उत्तराला, १ कारणाला. कारण चित्राने दाखवले तरी पूर्ण गुण.

भागाकारात ३/४ ÷ १/२ पुरेसा बोलका आहे. उत्तर ३/२. ज्याने काहीच न उलटता गुणले त्याचे ३/८ येते, ज्याने पहिलाच अपूर्णांक उलटा केला त्याचे ४/६.

शाब्दिक उदाहरणात भाषा मोजली जाते की गणित?

'सविताकडे २ पूर्णांक १/२ मीटर कापड होते. त्यातले ३/४ मीटर कापड तिने वापरले. किती उरले?' उत्तर १ पूर्णांक ३/४ मीटर. आता 'मीटर' हा शब्द दुसऱ्या वाक्यातून गळला तर? 'त्यातले ३/४ कापड वापरले' म्हणजे एकूण कापडाच्या तीन चतुर्थांश, आणि उत्तर ५/८ मीटर. दोन्ही वाचने बरोबर. अशी चूक टंकलेखनात सहज होते आणि तपासताना पुढच्या बाकावरची मुले वाद घालतात. त्यांचे म्हणणे खरे असते.

शाब्दिक उदाहरणात वाक्ये आखूड ठेवा, एका वाक्यात एकच आकडा, आणि ज्या आकड्यांचा उपयोग नाही ते घालू नका. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत कोरकू, भिल्ली, गोंडी, माडिया घरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न गणिताचा राहतच नाही. तिथे शाब्दिक उदाहरणे वर्गात दोनदा मोठ्याने वाचून दाखवा, अवघड शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहा. यात लबाडी नाही. जे मोजायचे ठरवले तेच मोजले जावे, यालाच पाठ्यपुस्तकी भाषेत सप्रमाणता म्हणतात.

छापण्यापूर्वी

प्रश्नपत्रिका स्वतः सोडवा, पायऱ्यांसकट, घड्याळ लावून. तुम्हाला लागला त्याच्या तिप्पट वेळ मुलांना लागतो असे धरा. १२-१३ मिनिटे लागली तर ४० मिनिटांत वर्ग बसतो. १८ लागली तर तीन-चार प्रश्न कमी करा. वेळ अपुरा असला की शेवटचे प्रश्न न आल्यामुळे सुटले की हात न पोचल्यामुळे, हे सांगता येत नाही.

अपूर्णांकांच्या छपाईत दोन हमखास घोटाळे होतात. मिश्र अपूर्णांक आडव्या तिरक्या रेघेने टंकला की '२ १/३' मधली मोकळी जागा आक्रसते आणि ते २१/३ वाचले जाते, म्हणजे चक्क ७. अंश वर आणि छेद खाली अशी उभी मांडणीच ठेवा, जमत नसेल तर तेवढी जागा रिकामी सोडून पेनने लिहा आणि मग झेरॉक्स काढा. दुसरा घोटाळा जुन्या फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेली फाईल, तो फॉन्ट नसलेल्या झेरॉक्सच्या दुकानात उघडली की अक्षरांचा गोंधळ होतो. युनिकोडमध्ये टंका आणि पीडीएफ करून न्या. देवनागरी अंक असतील तर पुसट प्रतीत १ आणि ९ एकसारखे दिसतात. एक प्रत काढून वाचा, मगच ४५ काढा (४० मुलांच्या, ५ जादा).

उत्तरसूची आणि गुणदान

अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी दिलेले गुण २८ पासून नव्वदच्या वरपर्यंत पसरले. गणितात उत्तर एकच असते, तरी हे झाले. कारण पायरीला किती, आकडेमोडीच्या चुकीला किती, अस्वच्छ मांडणीला किती, हे प्रत्येकाने आपापले ठरवले होते.

म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशीच गुणदान लिहून काढा. सविताच्या उदाहरणाचे ३ गुण असे : वजाबाकी मांडली १, समान छेद करून १०/४ आणि ३/४ लिहिले १, उत्तर ७/४ किंवा १ पूर्णांक ३/४ मीटर १. 'मीटर' लिहिले नाही तर काय? अर्धा गुण कापायचा की नाही, काहीही ठरवा, पण आधी ठरवा आणि चाळीसही जणांना तेच लावा. पहिल्या पायरीत आकडा चुकला आणि पुढची रीत बरोबर असेल, तर चुकीचा गुण एकदाच कापा.

तपासताना एका मुलाची अख्खी उत्तरपत्रिका संपवायची सवय सोडा. सगळ्यांचा प्रश्न १, मग सगळ्यांचा प्रश्न २. असे केले की हात एका मापावर राहतो आणि पहिल्या दोन उत्तरांनी झालेले चांगले-वाईट मत तिसऱ्या उत्तरावर सांडत नाही. नाव असलेला भाग दुमडून ठेवा. गठ्ठा मध्येच एकदा पिसा, नाहीतर तेच शेवटचे दहा जण रोज तुमच्या थकव्याच्या वाट्याला येतात. आणि पाच उत्तरपत्रिका नुसत्या वाचून झाल्यावरच लाल पेन उघडा. तुम्हाला न सुचलेली बरोबर रीत त्यातच सापडते, ती गुणदानात लिहून घ्या.

गैरहजर मुलाला शून्य लिहू नका. 'गैरहजर' लिहा आणि आठवड्याच्या आत त्याची चाचणी घ्या.

गुणांपेक्षा तक्ता महत्त्वाचा

आता एक मोठा कागद किंवा एक्सेलची पाटी. डावीकडे मुलांची नावे, वर १२ प्रश्न. प्रत्येक घरात गुण, आणि चूक असेल तर चुकीचे अक्षर : 'छ' म्हणजे छेदात छेद मिळवला, 'स' म्हणजे समच्छेद करताना अंश बदलला नाही, 'उ' म्हणजे चुकीचा अपूर्णांक उलटा केला, 'व' म्हणजे शाब्दिक वाचन, 'ग' म्हणजे नुसती आकडेमोड, 'को' म्हणजे कोरे. चाळीस मुलांचा तक्ता भरायला अर्धा-पाऊण तास जातो. चाचणीचा सगळ्यात उपयोगी अर्धा तास हाच, आणि शाळाशाळांत नेमका हाच गाळला जातो, कारण ऑनलाइन भरायला फक्त एकूण गुण लागतात.

प्रश्नांचीही परीक्षा करा. एकूण गुणांनुसार वरची ११ आणि खालची ११ मुले घ्या (चाळीसचे सुमारे २७ टक्के). समजा चौथा प्रश्न वरच्यांपैकी १० आणि खालच्यांपैकी ३ जणांनी बरोबर सोडवला. काठिण्य मूल्य (बरोबर सोडवणाऱ्यांचे प्रमाण) १३ भागिले २२, म्हणजे ०.५९. भेदन मूल्य, म्हणजे प्रश्न वरच्या-खालच्या गटांत किती फरक करतो ते, (१० वजा ३) भागिले ११, म्हणजे ०.६४. प्रश्न चांगला. दुसऱ्या एका प्रश्नात वरचे ४ आणि खालचे ७ बरोबर आले : भेदन मूल्य उणे ०.२७. असे दिसले की मुलांकडे नंतर, आधी उत्तरसूचीकडे बघा. बहुधा सूचीत पर्याय चुकलेला असतो, नाहीतर दोन पर्याय बरोबर असतात. तसे निघाले तर तो गुण सगळ्यांना देऊन मोकळे व्हा. काठिण्य मूल्य ०.९ च्या वर आणि भेदन जवळपास शून्य, हे मात्र घटक चाचणीत ठीकच, कारण ते सगळ्यांना आले. पट २० च्या आत असेल तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा घ्या आणि आकड्यांना फार मान देऊ नका.

१२ गुण म्हणजे नक्की किती?

कोणत्याही चाचणीचे गुण थोडे हलतात : दिवस, प्रश्नांची निवड, तपासणारा हात. किती हलतात याचा अंदाज काढता येतो. विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण एका स्तंभात, सम क्रमांकांचे दुसऱ्यात, आणि एक्सेलमध्ये दोघांचा सहसंबंध (दोन्ही स्तंभ किती जोडीने चढतात-उतरतात याचे माप) काढा. समजा तो ०.६ आला. हा निम्म्या चाचणीचा, पूर्ण चाचणीसाठी त्याची दुप्पट (१.२) भागिले एक अधिक तो (१.६), म्हणजे विश्वसनीयता (गुण किती स्थिर आहेत याचे माप) ०.७५. वर्गाच्या गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले याचे माप) ४ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी होते ४ गुणिले √(१ – ०.७५), म्हणजे २ गुण. अशी त्रुटी असलेल्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश मुलांचे गुण आपल्या खऱ्या पातळीच्या वर-खाली २ च्या आत पडतात.

आता श्रेणीकडे बघा. वीसपैकी १२ म्हणजे ६० टक्के, क-१. तेरा म्हणजे ६५ टक्के, ब-२. एका गुणाने श्रेणी बदलली आणि त्रुटी दोन गुणांची. पालकसभेत 'क' आणि 'ब' वरून मुलांची तुलना सुरू झाली की हा हिशोब हाताशी असू द्या. पालकांना श्रेणीपेक्षा 'बेरीज येते, भागाकारात उलटा करायचा अपूर्णांक चुकतो' हे वाक्य लिहून द्या. त्यांना ते जास्त कामाचे वाटते, आणि नोंदवहीतल्या वर्णनात्मक नोंदीलाही तेच चालते. 'अधिक सरावाची गरज' ही नोंद चाळीस मुलांना चाळीस वेळा लिहिण्यापेक्षा हे सोपेही आहे.

मोठ्या सर्वेक्षणांचे निकाल याच्याशी जोडू नका. 'असर' घरोघरी जाऊन केलेले नमुना सर्वेक्षण आहे. नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ चे परख सर्वेक्षण निवडक शाळांतल्या निवडक मुलांवर झाले. ती जिल्ह्याबद्दल, राज्याबद्दल बोलतात. तुमच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल त्यांत काहीच नसते.

चाचणीनंतरचे आठ दिवस

उत्तरपत्रिका तिसऱ्या दिवसाच्या आत परत द्या. त्यानंतर मुलांना प्रश्नच आठवत नाहीत. चुकीच्या अक्षरानुसार गट करा, गुणांनुसार नको : 'छ' गटात ५ गुणांचे मूलही असेल आणि १३ चेही. या गटाला पुन्हा रीत सांगू नका, ती त्यांनी ऐकलेली आहे. कागदाच्या पट्ट्या द्या, १/२ आणि १/३ शेजारी ठेवायला लावा, आणि त्यांच्या रीतीने बेरीज आलेले २/५ हे तर १/२ पेक्षाही लहान निघते हे त्यांनाच दिसू द्या. 'ग' गटाला उपचारात्मक अध्यापन लागत नाही, उत्तर पडताळायची सवय लागते. 'को' गटाशी एकेकट्याने बोला, तोंडी विचारा; त्यातल्या काहींना उत्तर येत असते, लिहिता येत नसते.

आठव्या दिवशी चार प्रश्नांची १० मिनिटांची फेरचाचणी, फक्त त्याच चुकांवर, गुण न नोंदवता.

बारा प्रश्न प्रश्नपेढीत ठेवा, एका कार्डावर एक. मागे तारीख, इयत्ता, काठिण्य आणि भेदन मूल्य, आणि कोणता चुकीचा पर्याय कितींनी निवडला ते लिहा. दोन-तीन वर्षे कोणीच न निवडलेला पर्याय बदला. पुढच्या वर्षी आकडे बदलताना सापळा शाबूत ठेवा : ३/४ आणि ५/६ ऐवजी ४/५ आणि ७/८ चालतील, कारण 'छेद लहान तो मोठा' म्हणणारे मूल इथेही चुकेल आणि 'एकच भाग कमी' म्हणणारेही. २/३ आणि ३/७ चालणार नाहीत. तिथे पाठ केलेल्या नियमानेही उत्तर बरोबर येते.